यादी संपल्यावरची जर्मन

जर्मन शिकू लागलेल्याला पहिल्या वर्षी प्रगती मोजावी लागत नाही, ती दिसतेच. गोएथे इन्स्टिट्यूटच्या शब्दयादीत ए-१ पातळीला सुमारे ६५० शब्द आहेत, ए-२ला १३०० आणि बी-१ला २४००. यादी पाठ करा, परीक्षा द्या, पुढे सरका. पण बी-२ला अशी आटोपशीर यादी हाताशी नसते, आणि जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-२च लागते. नेमकं इथेच अनेकांना आपली कुवत संपली असं वाटू लागतं. बहुतेकदा कुवतीचा काही संबंध नसतो. शिकायची रीत तेवढी जुनी राहिलेली असते.

कोणत्याही भाषेत मोजके शब्द सतत वापरात असतात आणि बाकीचे क्वचित भेटतात. सुरुवातीचे दोन हजार शब्द इतक्यांदा कानावर पडतात, की ते विसरायची सोयच नसते. पुढचा शब्द एकदा भेटला की महिनाभर तोंड दाखवत नाही, आणि तोवर तो पुसला जातो. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली इंग्रजीचा हिशेब मांडला. मजकूर कोशाविना वाचायला त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं धरलं, तर कादंबरी किंवा वर्तमानपत्रासाठी आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक) लागतात. जर्मनचा आकडा वेगळा निघेल, पण चढण तशीच. एवढे शब्द पाठ्यपुस्तकात मावत नाहीत. ते भरपूर वाचनातच भेटतात. त्यातही एकच विषय काही महिने धरून ठेवावा. परिचारिकेने आजार, औषधं, शुश्रूषा यांवरच वाचलं, तर एरवी दुर्मिळ असलेले शब्द पानोपानी येतात.

‘तिथे जाऊन राहिलं की भाषा आपोआप येते’ हा आपल्याकडचा लाडका समज. पण भाषेत नुसतं वावरणं पुरत नाही, हे कॅनडात दिसलं. तिथे इंग्रजी घरांतली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमातून शिकत होती. १९८५ साली मेरिल स्वेन यांनी दाखवलं, की या मुलांना फ्रेंच उत्तम कळत होती, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका टिकून होत्या. अर्थ शब्दांवरून लागतो, प्रत्ययांकडे कानाडोळा केला तरी चालतं. जर्मनमध्येही टेबलाचं लिंग चुकलं म्हणून दुकानदाराचं काही अडत नाही. मग तो कशाला सुधारेल? मराठीतही तीन लिंगं आहेत याचा आधार वाटतो खरा, पण आपलं टेबल नपुंसकलिंगी आणि त्यांचं पुल्लिंगी. म्हणून वाचनाच्या जोडीला लिहायला हवं, जाणकाराकडून तपासून घ्यायला हवं आणि, कंटाळवाणं असलं तरी, तेच पुन्हा लिहायला हवं.

वयाची सबब उच्चारापुरती बरीचशी खरी आहे. शब्दसंग्रह मात्र उतारवयातही वाढतो. वेळेची अडचण अधिक खरी. दिवसपाळी-रातपाळी सांभाळणाऱ्या माणसाकडून दोन तास वाचनाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. पण अर्धा तास रोज वाचणाऱ्याचंही वर्षाकाठी दीडशेहून अधिक तास वाचन होतं. म्हणूनच बी-१ ते बी-२ हा प्रवास अमुक आठवड्यांत करून देण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींना, त्या आठवड्यांत नेमकी किती पानं वाचून आणि किती लिहून घेणार, हे आधी विचारावं.