बाल सारथि आणि गाडीचा मालक

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कण्टकशोधन नांवाचें चौथें अधिकरण आहे. चोर, खोटीं मापें वापरणारे व्यापारी, लांचखाऊ अधिकारी यांचा समाचार घेतां घेतां तेराव्या अध्यायांत ग्रंथकार रस्त्यावर येतो व वाहनांच्या अपघातांबद्दल बोलूं लागतो. गाडी हांकणारा बालवयाचा असेल तर गाडींत बसलेल्या मालकास दंड करावा. मालक नसेल तर आंत बसलेल्या इसमास. आणि जें वाहन केवळ मुलाच्याच हातीं आहे तें राजानें जप्त करावें, असा त्याचा स्पष्ट निर्णय आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत हाच विषय थोड्या निराळ्या अंगानें आला आहे. हांकणार्‍याच्या अकुशलतेमुळें इजा झाली तर मालकास दोनशें पण दंड. हांकणारा कुशल असेल तर दंड त्याला. आणि अकुशल माणसाच्या गाडींत बसणार्‍यांना प्रत्येकीं शंभर. मनुस्मृतीच्या इतर व्यवस्थांविषयीं वाचकांचें मत कांहींहि असो, शिकाऊ हातांत वाहन देणारा व त्यांत खुशाल बसणारा हे दोघेहि दोषी, हें तत्त्व आमच्या मतें आजहि खोडून काढतां येण्यासारखें नाहीं.

आपल्या मोटार वाहन कायद्यानेंहि शेवटीं हीच वाट धरली. १९८८ च्या मूळ कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलास मनाई होतीच व गाडी देणार्‍यास थोडीबहुत शिक्षाहि होती. २०१९ च्या दुरुस्तीनें जें १९९-अ हें कलम घातलें, तें मात्र प्रत्येक आईबापांनीं एकदां वाचावें. अल्पवयीन मुलाकडून गाडीवर गुन्हा घडला तर पालक किंवा मालक दोषी समजला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलास पंचविसावें वर्ष पुरें होईपर्यंत परवाना नाहीं. आपणांस ठाऊक नव्हतें, अथवा आपण सर्व खबरदारी घेतली होती, हें सिद्ध करण्याचा भारहि पालकावरच आहे. शिवाय परवाना नसलेल्या मुलाच्या हातून कोणी दगावला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करूं शकते. आयुष्यभराच्या शिलकेवर बांधलेलें घर अशा एका निकालानें जाऊं शकतें.

सोळाव्या वर्षीं परवाना मिळतो, असें पुष्कळजण सांगतात. तें अर्धवट खरें आहे. ती सवलत ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या एंजिनाच्या गाडीपुरती आहे. पुण्यांत १९७२ सालीं लूना निघाली, तेव्हां व पुढें कित्येक वर्षें तिला अर्थ होता. आजच्या नेहमींच्या स्कूटरी १०० ते १२५ घनसेंटिमीटरच्या असतात; त्या सोळा वर्षांच्या मुलासाठीं नाहींत.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यांतील कल्याणीनगरांत एका भरधाव मोटारीची धडक बसून दोन तरुण अभियंते प्राणांस मुकले. सतरा वर्षांचा मुलगा ती मोटार चालवीत होता, असा आरोप आहे. बाल न्याय मंडळानें प्रथम जामीन देतांना अपघात या विषयावर तीनशें शब्दांचा निबंध लिहावयास सांगितलें, व त्यावरून देशभर संतापाची लाट उसळली. निबंध तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्या प्रस्तुत लेखकास एवढें ठाऊक आहे, कीं तीनशें शब्दांत मुलें आपणांस हवें तेंच लिहून देतात! परंतु त्या प्रकरणांतील महागड्या मोटारीकडे बोट दाखवून आपण मध्यम स्थितींतील लोक सुटलों असें समजूं नये. दहावीचा निकाल लागला कीं स्कूटर येते, दसर्‍याला तिला झेंडूचा हार पडतो, आणि ‘फक्त क्लासपर्यंतच’, ‘आपल्याच गल्लींतून’ अशा सबबींवर तिची किल्ली मुलाच्या खिशांत जाते. कोणत्याहि खाजगी शिकवणीच्या दारांत सायंकाळीं उभें राहावें; ओळीनें लागलेल्या त्या गाड्या कोणाच्या नांवावर आहेत हें विचारण्याची जरूर पडत नाहीं. ‘आमचा बाळ बाराव्या वर्षींच चालवूं लागला’ असें अभिमानानें सांगणारे वडीलहि विरळा नाहींत.

बाळ चालवितो यांत शंका नाहीं. हात आठ दिवसांत तयार होतो. परीक्षेच्या मैदानावर पाय न टेकतां ‘आठ’ काढून दाखविणें ही हाताची परीक्षा झाली. उणीव असते ती डोळ्याची. नवशिक्या आपल्या चाकापुढचा रस्ता पाहतो. मुरलेला चालक दूर पाहतो, उभ्या रिक्षाच्या पलीकडे पाहतो, फाटकांतून बाहेर आलेला चेंडू पाहून त्यामागून येणारें मूल मनांत आधींच पाहतो. ब्रिटननें २००२ पासून परवान्याच्या परीक्षेंत नेमकी हीच दृष्टि तपासण्यास आरंभ केला. यांत थोडें गणितहि आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें साडेसोळा मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेकवर बोटें आवळीपर्यंत एक सेकंद गेला असें धरलें, तर तेवढें अंतर गाडी मुळींच वेग कमी न करतां जाते. त्यापुढें ब्रेक लागतो. आणि वेग दुप्पट तर थांबण्याचें हें पुढचें अंतर चौपट. हा नियम आमचे विद्यार्थी परीक्षेंत बिनचूक लिहीत. रस्त्यावर तो कितीजणांस आठवतो, हा प्रश्न निराळा.

मग मुलास लौकर व उत्तम कसब शिकवावें म्हणजे झालें, असें वाटणें साहजिक आहे. परंतु इतर देशांचा अनुभव सावध करणारा आहे. नॉर्वेनें १९७९ सालीं निसरड्या रस्त्यावर गाडी सांवरण्याचें शिक्षण सक्तीचें केलें. पुढें पाहणी झाली तेव्हां अशा रस्त्यांवरील तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजीं वाढलेले आढळले. कसबानें धिटाई आली, आणि धिटाईनें वेग वाढला. न्यूझीलंडनें १९८७ पासून निराळा मार्ग धरला. तेथें परवाना पायरीपायरीनें मिळतो. मधल्या पायरीवर अनुभवी चालक शेजारीं नसेल तर रात्रीं दहा ते पहाटे पांच गाडी चालवावयाची नाहीं व सोबती बसवावयाचे नाहींत. मागें मित्र बसला कीं मुलाचा स्वभाव पालटतो, हें जाणण्यास फार विद्वत्ता नको. स्वीडननें १९९३ सालीं परवान्याचें वय अठराच ठेवून वडीलधार्‍यांसह सरावाचें वय मात्र सोळावर आणलें. ज्यांनीं सोळाव्या वर्षीं आरंभ केला त्यांचा सराव सरासरी शंभर तासांहून अधिक झाला, आणि परवान्यानंतरचे त्यांचे अपघात लक्षांत येण्याइतके कमी झाले.

आपल्याकडील शिकवणीच्या मोटारींत शिक्षकाच्या पायांशींहि ब्रेक व क्लच असतात. कित्येकदां गाडी खरोखर तोच चालवितो, विद्यार्थी केवळ चक्र धरून बसतो. शंभर तास तेथें मिळावयाचे नाहींत. ते घरानेंच द्यावयाचे आहेत. अठरा वर्षांखालीं रस्त्यावर सराव कायद्यानें शक्य नाहीं, हें खरें. परंतु डोळ्याचें शिक्षण मागच्या बसणीवरूनहि होतें. वडिलांच्या वा आईच्या मागें बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलीस पुढें काय दिसतें तें मोठ्यानें बोलावयास सांगावें: ‘बस थांबली, पुढून कोणी धांवत येईल’, ‘मोटारींत माणूस आहे, दार उघडेल’. महिनाभरांत मूल आपल्या आधीं धोका सांगूं लागतें. अर्थात् याच बसणीवरून तें आपला ताम्रदीपहि पाहत असतें, आणि शिरस्त्राण डोक्याऐवजीं कोपरांत अडकविलेलें पाहत असतें. चार वर्षांवरील प्रत्येकास दुचाकीवर तें कायद्यानें आवश्यक आहे. पुणेकरांनीं त्याविरुद्ध कितीहि मोर्चे काढले असले तरी!

अठरावें लागल्यावर शिकाऊ परवाना काढावा. तो सहा महिने चालतो. तीस दिवस होतांच पक्क्या परवान्यासाठीं धांव घेण्याची सर्वत्र घाई दिसते, ती करूं नये. आरंभ रविवारीं सकाळीं सहा वाजतां रिकाम्या रस्त्यावर. मग शाळा सुटण्याच्या वेळीं. मग पहिल्या पावसांत, रस्त्यावरील तेल वर येतें तेव्हां. रात्र सर्वांत शेवटीं. परवाना हातीं आल्यावरहि वर्षभर मागें मित्र नको व रात्रीं दहानंतर किल्ली खुंटीवर, एवढा घरचा नियम असावा. मुलगी असो वा मुलगा, नियम एकच. आणि अर्ध्या तासानें ‘कोठें पोंचलास?’ म्हणून फोन करणार्‍या आईबापांस एक विनंती आहे. तो फोन त्याच्या खिशांत रस्त्याच्या मधोमध वाजतो. पोंचल्यावर त्यानें करावा. वाटेंत असतांना आपण करूं नये.