फोन लागला, पण माणूस कुठे आहे?

लँडलाइनच्या काळात नंबर कळला की पत्ता कळायचा. मोबाइलने ही सोय काढून घेतली. ११२ या आपत्कालीन नंबरवर कॉल आला की मोबाइल कंपनीला एवढंच नक्की ठाऊक असतं, की फोन कोणत्या टॉवरला जोडलेला आहे. शहरात त्या टॉवरच्या टप्प्याचं वर्तुळ काहीशे मीटरचं असतं, पण खेड्यात आणि घाटात कित्येक किलोमीटरचं. अपघातात सापडलेला माणूस परक्या रस्त्यावर खूण तरी कोणती सांगणार?

यावरचा उपाय फोनमध्येच आहे. आपत्कालीन नंबर लावताच फोन स्वतःहून जीपीएस आणि आसपासचे वायफाय तपासतो आणि आपली जागा एसएमएसने किंवा इंटरनेटवरून नियंत्रण कक्षाला कळवतो. वेगळं अ‍ॅप लागत नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये याची सुरुवात केली. युरोपीय संघात मार्च २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ही क्षमता सक्तीची आहे. मात्र पलीकडच्या नियंत्रण कक्षात तो संदेश वाचणारी यंत्रणा नसेल, तर फोन कितीही हुशार असून उपयोग शून्य. माझ्या मते सरकारांनी पैसा आधी इथे घालायला हवा.

भारतात २०१७ पासून नव्या फोनमध्ये आपत्कालीन कॉल लावणारं पॅनिक बटण सक्तीचं आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट दाबायचं. तुमच्या फोनमध्ये नेमकं काय करावं लागतं, ते आजच सेटिंग्जमध्ये बघा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही दाखवा.