कडी मिटली, चंद्र उघडले

दुर्बिणीतून पहिल्यांदा शनी पाहणारा माणूस बहुधा डोळा हटवून नळीच्या पुढच्या तोंडाशी जातो, आत डोकावतो आणि विचारतो, "आत चित्र चिकटवलंय का?" गच्चीवर लोकांना ग्रह दाखवताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर तयारच असतं. २०२५ मध्ये मात्र तो कोणी विचारला नाही. तेव्हाचा प्रश्न होता, "कडी कुठे गेली?"

कडी जागेवरच आहेत. शनीचा अक्ष सुमारे २७ अंशांनी कललेला आहे आणि सूर्याभोवतीच्या फेरीला त्याला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्यामुळे आपल्याला कडी कधी वरून दिसतात, कधी खालून आणि एका फेरीत दोनदा अगदी कडेवरून. त्यांचा पसारा पावणेतीन लाख किलोमीटर, जाडी मात्र बहुतेक ठिकाणी एखाद्या मध्यम इमारतीएवढी. डोळ्यांच्या रेषेत धरलेल्या कागदासारखी मग ती दिसेनाशी होतात. २०१७ मध्ये ती पुरती उघडी होती. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी त्यांच्या प्रतलातून गेली, पण तेव्हा शनी सूर्याच्या उजेडात बुडालेला होता. ती चुकामूक नोव्हेंबर २०२५ अखेर भरून निघाली: कड्यांचा कल पुन्हा अर्ध्या अंशाखाली आला.

पुरती उघडी कडी पुरती मिटायला सरासरी सव्वासात ते साडेसात वर्षं लागतात. हा आकडा मराठी कानाला ओळखीचा वाटेल. पंचांगातला शनी एका राशीत अडीच वर्षं राहतो, तीन राशींची साडेसाती होते, आणि बारा राशींतल्या तीन म्हणजे पाव फेरी. कडी उघडण्या-मिटण्याचा एक टप्पाही पाव फेरीचाच. शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा, हे नाव ठेवणाऱ्यांनी दुर्बिणीशिवाय ही चाल मोजली होती.

दुर्बिणीने पहिल्यांदा फसवलं ते गॅलिलिओला. १६१० मध्ये त्याला मोठ्या गोळ्याच्या दोन बाजूंना दोन छोटे गोळे दिसले. १६१२ मध्ये ते गायब झाले आणि तो चक्रावला. हा ग्रहाला कुठेही न टेकलेल्या पातळ सपाट कड्याचा खेळ आहे, हा उलगडा ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ च्या ग्रंथात केला.

आता शनीचे चंद्र कधी सापडले त्या तारखा पाहा. टायटन हायगेन्सला १६५५ मध्ये. यापेटस आणि ऱ्हीया खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीला १६७१-७२ मध्ये, टेथिस आणि डायोनी १६८४ मध्ये. एन्सेलेडस आणि मायमस विल्यम हर्शेलला १७८९ मध्ये. हायपेरियन १८४८ मध्ये, जेनस १९६६ मध्ये. या सगळ्या तारखा कडी मिटण्याच्या आसपासच्या आहेत. कड्यांचा लख्ख उजेड ओसरला की त्याच्या झोतात हरवलेले बारीक ठिपके वर येतात. मार्च २०२५ मध्ये शनीचे नोंदलेले चंद्र २७४ झाले. त्यांतले १२८ त्याच महिन्यात यादीत आले, मात्र ते मोठ्या वेधशाळांनाच दिसणारे.

आपल्या वाट्याला येतात ते पाच-सहा. टायटन ८.४ प्रतीचा, म्हणजे साठ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतही सहज दिसणारा. तो सोळा दिवसांत शनीभोवती फिरतो. ऱ्हीया, टेथिस, डायोनी यांना शंभर ते दीडशे मिलिमीटर हवेत. एन्सेलेडससाठी दोनशे असलेले बरे. यापेटस सगळ्यांत गमतीचा. एक बाजू कोळशासारखी, दुसरी बर्फाची. त्यामुळे शनीच्या पश्चिमेला असताना तो जवळपास पाचपट तेजस्वी दिसतो. कॅसिनीला तो आधी पश्चिमेलाच सापडायचा, पूर्वेला शोधूनही नाही. त्यावरून त्याने बरोबर ओळखलं की या चंद्राची एक बाजू काळी असली पाहिजे.

२०२५ मध्ये टायटनची सावलीही शनीच्या बिंबावरून सरकली, दर सोळा दिवसांनी. पण जुलै-ऑगस्टात त्या वेळी आपल्याकडे दिवस होता आणि दिवस नसता तरी पाऊस होताच. अमेरिकेतल्या हौशींनी तो काळा ठिपका टिपला. आपण त्यांची छायाचित्रं पाहिली.

हौशींचं काम नुसतं पाहण्यापुरतं राहत नाही. ३ ऑगस्ट १९३३ रोजी शनीवर उठलेल्या वादळाचा प्रचंड पांढरा डाग सर्वांआधी पाहिला तो विल हे या ब्रिटिश विनोदी नटाने, लंडनमधल्या घरच्या सहा इंची दुर्बिणीतून. १९९० चं तसलंच वादळही एका अमेरिकी हौशी निरीक्षकाने आधी हेरलं. डिसेंबर २०१० मध्ये शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाने नव्या वादळातल्या विजांची चाहूल रेडिओवर घेतली, आणि पुढे ते वादळ कसं पसरलं याचा माग जगभरच्या गच्च्यांवरून निघाला. १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते यान शनीच्या वातावरणात जळून गेलं. तेव्हापासून शनीजवळ एकही यान नाही. या ग्रहाची रोजची खबर ठेवणारे बहुतांशी हौशीच आहेत.

आपल्याकडे ही हौस जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे. मुंबईच्या खगोल मंडळाच्या वांगणीतल्या आकाशदर्शनाच्या रात्री कित्येकांना पहिला शनी दाखवून गेल्या. पणजीतही हौशींची सार्वजनिक वेधशाळा आहे. दुर्बीण विकत घेण्याआधी अशा एखाद्या रात्री चार वेगवेगळ्या नळ्यांतून पाहून घ्यावं. खोक्यावर छापलेल्या पाचशेपट वर्धनाला भुलू नये. पन्नासपटीला कडी ओळखू येतात, दीडशेपट बहुतेक रात्रींना पुरे होते.

त्याहून मोठी अडचण हवेची. ऑक्टोबरात दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडतो आणि शनी तापल्या तव्यावरच्या हवेतून पाहिल्यासारखा थरथरतो. नऊनंतर गच्ची निवते, तेव्हा पाहावं. त्यात दिवाळीचा धूर. अमावस्येचा अंधार शनीचे चंद्र शोधायला उत्तम, पण फटाके ऐन भरात असतील तर टायटनखेरीज फारसं हाती लागत नाही. शनी स्वतः तेजस्वी असल्यामुळे त्याला धुराची तेवढी अडचण होत नाही.

२०२५ च्या दिवाळीत सूर्यास्तानंतर आग्नेयेकडे न लुकलुकणारा पिवळसर ठिपका दिसत होता, तो शनी. तो संध्याकाळी दिसत असेल तेव्हा वहीत सोळा चौकटी आखा. रोज रात्री साडेनऊला एका चौकटीत मधोमध शनी काढा, त्यातून जाणारी कड्यांची रेघ ओढा आणि टायटन कुठे दिसला तिथे ठिपका द्या. सोबत तारीख लिहा. ढग आले तर चौकट कोरी ठेवा. सतराव्या रात्री ठिपका पहिल्या चौकटीतल्या जागेजवळ परतलेला असेल. वही जपून ठेवा. कडी पुन्हा २०२५ सारखी मिटतील ती २०३८ मध्ये.