लोगोच्या आतली गाडी

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी गट करून एका दिवशी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांचा तो सौदा. लक्झरी गाडी म्हणजे मुंबई-पुण्यातल्या मूठभर घरांचा विषय, हा समज त्या दिवशी मोडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बीएमडब्ल्यूने एक्स१ भारतात आणली, किंमत २२ लाखांपासून. २०१२ मध्ये ऑडीची क्यू३ आली, २०१३ मध्ये मर्सिडीजची ए-क्लास आणि २०१४ मध्ये जीएलए. मोठ्या घराण्यांची पहिली पायरी अशी चार-पाच वर्षांत तयार झाली.

आता ती पायरी बरीच वर सरकली आहे. २०२५ च्या दिवाळीत चाळीस ते पंचावन्न लाखांच्या पट्ट्यात क्यू३, एक्स१, जीएलए, विजेवरची आयएक्स१ आणि व्होल्वोची ईएक्स३० अशा गाड्या होत्या. त्या घेणारे कोण? हाडांचे डॉक्टर, नाशिककडचे द्राक्ष बागायतदार, चाकणच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे कारखानदार, स्वतःची फर्म असलेले सीए. यातले बरेचजण गाडी बघायला जाताना फीचर्सचा तक्ता घेऊन जातात. सनरूफ आहे का, स्क्रीन किती इंची, सीटला गार वारा येतो का. माझं स्पष्ट मत आहे की पन्नास लाख घालणाऱ्या माणसाची फसगत या तक्त्यामुळेच होते. या गाड्यांमध्ये पैसे जिथे खर्च झालेले असतात, ती जागा तक्त्यात येतच नाही.

सांगाडा कोणाचा?

पहिली एक्स१ आठवा. तिचं इंजिन उभं बसवलेलं होतं आणि ताकद मागच्या चाकांना जायची. ३-सिरीजच्याच रक्ताची गाडी होती ती. दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे आपल्याकडे २०१६ पासून, एक्स१चं इंजिन आडवं झालं आणि ताकद पुढच्या चाकांवर आली. मिनीच्या गाड्यांशी तिचा सांगाडा जुळला. जुन्या चाहत्यांना हे रुचलं नाही. पण इंजिन आडवं केलं की बॉनेट आखूड होतं आणि वाचलेली जागा माणसांना मिळते. आजच्या एक्स१मध्ये मागे बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांना जी मोकळीक आहे, ती याच बदलाची कमाई आहे.

क्यू३ची गोष्ट तर आपल्या दारातली आहे. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे आणि ऑडीच्या गाड्याही तिथेच जुळतात. क्यू३ आणि स्कोडाची कोडियाक या दोन्ही गाड्या त्याच कारखान्यातून बाहेर पडतात. दोघींचा मूळ सांगाडा फोक्सवॅगन समूहाच्या एमक्यूबी कुळातला, दोघींचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातलं आणि गिअरबॉक्स सात गिअरचा, दुहेरी क्लचचा. क्यू३मध्ये या इंजिनाची ताकद १९० पीएस आणि टॉर्क ३२० न्यूटन-मीटर आहे.

क्यू३ लिफ्टवर चढवलेली असेल तर तिच्याखाली उभं राहून एकदा वर बघा. पुढून मागे एक दांडा जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एक छोटा क्लच बसवलेला दिसतो. गाडी सरळ रस्त्यावर शांत चालत असताना बहुतेक ताकद पुढच्याच चाकांना मिळते. पुढची चाकं घसरू लागण्याची चिन्हं दिसली किंवा तुम्ही पाय जोरात दाबला, की हा क्लच आवळला जातो आणि मागची चाकं कामाला लागतात. डिकीवर ‘क्वाट्रो’ हा शब्द असतो. क्यू७वरही तोच शब्द असतो, पण तिथली यंत्रणा वेगळी आहे आणि तिथे चारही चाकं कायम जुंपलेली असतात. कोडियाकच्या पोटात मात्र क्यू३सारखीच व्यवस्था आहे. फक्त तिच्या डिकीवर ४x४ लिहिलेलं असतं.

जीएलए २०० कडे वळू. तिचं १.३ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन मर्सिडीज आणि रेनॉ यांनी मिळून विकसित केलं. त्याच इंजिनाची भावकी २०२० मध्ये आपल्याकडे डस्टरमध्ये विकली जात होती, १५६ पीएसची. जीएलएत ते १६३ अश्वशक्ती आणि २७० न्यूटन-मीटर देतं.

हे ऐकलं की अनेकांचा चेहरा पडतो. पडू नये. डस्टरमधलं ते इंजिन त्या काळातल्या सर्वांत ताकदवान मध्यम गाड्यांपैकी एकीत होतं आणि चालवायला फार गोड होतं. एमक्यूबीचा सांगाडा तर गेल्या दशकातल्या उत्तम सांगाड्यांपैकी एक आहे. चांगली गोष्ट वाटून वापरली म्हणून ती हलकी होत नाही. गिऱ्हाइकाने फक्त एवढं विचारावं की या सांगाड्यावर कंपनीने पुढे काय केलं. आवाज अडवायला किती थर लावले? सस्पेन्शन कसं जुळवलं? टायर कुठले दिले? सीटच्या आतला फोम कसला आहे? पन्नास लाखांचं उत्तर तिथे दडलेलं असतं.

पिकअप

शून्य ते शंभरचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. कंपन्यांच्या दाव्यानुसार क्यू३ला ७.३ सेकंद लागतात, जीएलए २००ला ८.९ आणि एक्स१च्या पेट्रोल गाडीला ९.२. डिझेलमध्ये एक्स१ला ८.९, जीएलए २२० डीला ७.५. आकडे खरे असले तरी सिग्नलवरून शंभरपर्यंत सुसाट जाण्याची वेळ आपल्याकडे कधी येते? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारची मर्यादा १०० आहे, घाटात ६०, आणि आता वर कॅमेरे आहेत. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. तिथे सपाट भागात १२० ची मुभा आहे.

कस लागतो तो दोन पदरी रस्त्यावर. उसाची ट्रॉली पुढे आहे, समोरून एसटी येते आहे, मध्ये थोडं अंतर आहे. साठवरून नव्वदला गाडी किती झटकन जाते, हा जीवाचा प्रश्न असतो, आणि तिथे कमी फेऱ्यांना मिळणारा टॉर्क कामाला येतो. एक्स१चं डिझेल ३६० न्यूटन-मीटर देतं, जीएलए २२० डी ४००. एक्स१चं तीन सिलिंडरचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन १३६ अश्वशक्ती आणि २३० न्यूटन-मीटरवर थांबतं. शहरात ते पुरतं. चार माणसं, भरलेली डिकी आणि आंबेनळी घाटाचा चढ असं गणित आलं की त्याचा आवाज वाढतो आणि तीन सिलिंडरची थरथर स्टिअरिंगपर्यंत पोचते. या किमतीच्या गाडीत ती जाणवू नये, असं मला मनापासून वाटतं.

ऑडीने २०२० मध्ये बीएस६ नियम आले तसं भारतात डिझेल सोडलं. त्यामुळे क्यू३मध्ये निवडच नाही, पण तिचं पेट्रोल इंजिन या सगळ्या गटात सर्वांत मनमोकळं आहे. पाय दाबला की ती मागेपुढे न बघता निघते, आणि पावसाळ्यात ओल्या घाटात चारही चाकांची पकड लगेच कळते. महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर चालणाऱ्या माणसाला मात्र एक्स१चं डिझेल सोडून दुसरं काही सुचवायला मी धजणार नाही. प्रमाणित चाचणीत ती लिटरला २०.३७ किलोमीटर देते. रस्त्यावर त्याहून कमीच मिळेल, तरी पेट्रोलशी फरक मोठा राहतो.

दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सबद्दल एक सूचना. क्यू३, एक्स१ आणि जीएलए या तिन्ही गाड्यांत तो आहे. मोकळ्या रस्त्यावर तो लोण्यासारखा चालतो. ट्रॅफिकमध्ये रांगताना मात्र क्लच सारखा अर्धवट धरला-सोडला जातो आणि तापतो. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल, तर ती आधी मोडा.

मागची सीट

आपल्याकडे गाडी घेणारा पुढे बसतो, पण गाडीबद्दलचा कौल घरात मागच्या सीटवरून येतो. टेस्ट ड्राइव्हला आई-वडिलांना न्यावं, आणि पाच मिनिटं नव्हे तर अर्धा तास मागे बसवावं. मांडीखाली आधार पुरतो का, हे पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही. आखूड सीटवर गुडघे वर राहतात, सगळा भार कमरेवर येतो, आणि लोणावळ्यापर्यंत माणूस चुळबुळायला लागतो.

जीएलएच्या पुढच्या सीट उत्तम आहेत, मागे मात्र उंच माणसाला जेमतेम वाटतं. क्यू३ची मागची सीट रुळावर पुढे-मागे सरकते. सामान जास्त असेल तर पुढे ओढा, माणसं असतील तर मागे ढकला. डिकी ५३० लिटरची. एक्स१ मागे सर्वांत प्रशस्त. विजेवरच्या आयएक्स१ची लांब आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आली, तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साध्या एक्स१पेक्षा जवळपास ११ सेंटिमीटरने वाढवून २,८०० मिलिमीटर केलं आहे. पाय पसरून बसायला ती एक वर्ग वरची वाटते. फक्त बॅटरी जमिनीत असल्याने पाय ठेवायची पातळी वर येते, हे बसून बघावं.

ईएक्स३० अगदी दुसऱ्या टोकाला. २७२ अश्वशक्ती, शून्य ते शंभर ५.३ सेकंद, म्हणजे या लेखातली सर्वांत वेगवान गाडी. मागे मात्र दोन मोठ्या माणसांना अवघडल्यासारखं होतं. शिवाय चालकाच्या समोर वेगाचा काटाच नाही. वेग बघायचा तरी नजर मधल्या स्क्रीनकडे न्यावी लागते. तरुण जोडप्याला ती आवडेल. एकत्र कुटुंबाची ती गाडी नव्हे.

बटणांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. क्यू३मध्ये एसीची गोल बटणं आहेत, जीएलएतही एसीला स्वतंत्र कळा आहेत. एक्स१ने एसी स्क्रीनमध्ये टाकला आणि स्क्रीन चालवायचं जुनं गोल बटणही काढलं. खड्ड्यांच्या रस्त्यावर काचेवरचा छोटा चौकोन नेमका दाबणं सोपं नसतं, आणि तेवढा वेळ डोळे रस्त्यावर नसतात.

चाकणमधला शेजारी

मर्सिडीजने भारतात पहिली गाडी १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या आवारात जुळवली. २००९ पासून तिचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे आणि जीएलए तिथेच तयार होते. चाकणमध्येच महिंद्राची एक्सईव्ही ९ई बनते. तिच्या सर्वांत वरच्या मॉडेलची किंमत बाजारात येताना साडेतीस लाख होती. तीन १२.३ इंची स्क्रीन, गार वाऱ्याच्या सीट, पुढच्या गाडीशी अंतर राखणारी आणि स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा, २८६ अश्वशक्ती, ६.८ सेकंद. भारत एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी ३२ गुण.

फीचर्सच्या तक्त्यात या गाडीपुढे क्यू३, एक्स१, जीएलए या तिघीही हरतात. यात आश्चर्य नाही आणि लपवण्यासारखंही काही नाही. सनरूफ आणि स्क्रीन यांवर गाडी निवडायची असेल तर वीस-तीस लाखांतच थांबावं आणि उरलेले पैसे मुलांच्या शिक्षणाला ठेवावेत. जर्मन गाडीचं वेगळेपण शंभरच्या वेगात पूल आणि रस्त्याच्या सांध्यावरून जाताना कळतं. गाडी एकदा वर-खाली होते आणि लगेच बसते, दुसरी उसळी येत नाही. जोरात ब्रेक मारला तर नाक खुपसत नाही. चार तास चालवून उतरल्यावर खांदे जड होत नाहीत. ज्याला हा फरक जाणवतो आणि ज्याचं तेवढं फिरणं आहे, त्याचे पैसे सार्थकी लागतात.

कराचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी ४० टक्के झाला आणि सेस गेला. आधी इंजिन आणि आकारानुसार एकूण बोजा ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जायचा. विजेच्या गाड्यांना ५ टक्केच आहे. त्यावर महाराष्ट्राचा रस्ता कर. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५. म्हणजे पन्नास लाखांच्या पेट्रोल गाडीला सुमारे साडेसहा लाख, डिझेलला साडेसात. कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, थेट दहा लाख. महागड्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात होता, तो मागे घेतला गेला.

त्यामुळे आयएक्स१ शोरूममध्ये एक्स१च्या आसपासची दिसली, तरी रस्त्यावर येताना काही लाखांनी स्वस्त पडते. २०४ अश्वशक्ती, तीन सिलिंडरची थरथर नाही, कंपनीच्या दाव्यानुसार एका चार्जमध्ये ५३१ किलोमीटर. प्रत्यक्षात चारशेच्या आसपास धरून चालावं. घरी स्वतःचं पार्किंग आणि चार्जर असेल, आणि फिरणं पुणे-मुंबई-नाशिक या पट्ट्यातलं असेल, तर आज या पूर्ण गटात मी तिलाच पहिला क्रमांक देईन. स्टिअरिंगवर जीव असलेल्याने क्यू३ घ्यावी. लांबचं आणि रोजचं फिरणं असेल तर एक्स१ डिझेल. तारा असलेलीच गाडी हवी असेल तर जीएलए २२० डी. २०० चालवायला वाईट नाही, पण त्या पैशात ती थोडी अपुरी वाटते.

कोडियाकचं काय? सात माणसं बसतात, चारही चाकांना ताकद जाते, आणि शेंद्र्यातून ती क्यू३च्या बरोबरीनेच बाहेर पडते. नवी कोडियाक एप्रिल २०२५ मध्ये आली तेव्हा तिची किंमत ४६.८९ लाखांपासून होती, म्हणजे लोगोचा फरक आता किमतीत फारसा उरलेलाच नाही. घर मोठं असेल तर तिच्याकडे पाठ फिरवू नये.

सही करण्याआधी डिकीतला गालिचा उचलून स्टेपनी आहे की नाही ते बघा. काही गाड्यांत ती नसते, त्याऐवजी हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे जाड भिंतीचे टायर असतात. ते खड्ड्यांवर कडक लागतात आणि रात्री लातूर-नांदेडच्या वाटेवर फुटले तर तसा टायर गावात मिळत नाही. टायरच्या कडेवरचा आकडा लिहून घ्या आणि घराजवळच्या टायरवाल्याला त्याची किंमत विचारा. मग तुमच्या जिल्ह्यापासून कंपनीचं वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे ते मोजा, आणि पाच वर्षांच्या सर्व्हिस पॅकेजचा आकडा कागदावर लेखी मागून घ्या.