जुन्या रोडस्टरच्या क्लचची चौकशी

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जपानच्या माझदा कंपनीने एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या छताची छोटेखानी गाडी प्रथम मांडली, तेव्हा जुन्या ब्रिटिश रोडस्टर गाड्यांचे लावण्य आणि जपानी कारखान्याची विश्वासार्हता ही दोन्ही एकाच वाहनात नांदू शकतात, असा सुखद प्रत्यय रसिकांना आला. आणि एप्रिल २०१६ मध्ये याच नावाची दहा लाखावी गाडी तयार झाली, यावरून तो प्रत्यय क्षणभंगुर नव्हता हे उघड आहे. ज्यांचे पुढचे दिवे बॉनेटमधून वर उचलले जातात त्या पहिल्या पिढीच्या गाड्यांचे उत्पादन १९९७ मध्ये संपले. म्हणजे त्यांतल्या सर्वांत धाकट्या गाडीनेही आता पंचविशी ओलांडली आहे. आपल्याकडे त्या कधी रीतसर विकल्या गेल्या नाहीत; परंतु अमेरिकेत वा इंग्लंडात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या एखाद्या मराठी तरुणाने हौसेखातर जुनी खेळगाडी घ्यायचे मनात आणले, तर या गाडीचे नाव त्याच्या कानावर आल्यावाचून राहत नाही, आणि ती दाराशी येऊन उभी राहिल्यावर आज ना उद्या क्लचची तक्रारही पाठोपाठ येतेच.

ही तक्रार समजून घ्यायची तर यंत्राची रचना आधी ध्यानात घ्यावी लागते. इंजिनाच्या शेवटी फ्लायव्हील नावाचे जड चाक सतत फिरत असते. त्याला प्रेशर प्लेट घट्ट बसवलेली असते. आणि या दोहोंच्या कचाट्यात, दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर लावलेली एक तबकडी धरलेली असते, जिला आपण क्लच प्लेट म्हणतो. या गाडीच्या १.६ लिटर इंजिनाला ती २०० मिलिमीटर व्यासाची असते, नंतरच्या १.८ लिटर इंजिनाला २१५ मिलिमीटरची. इंजिनाची सारी शक्ती गिअरबॉक्सकडे जाते ती केवळ या पकडीच्या भरवशावर. पायाने पेडल दाबले की ही पकड सुटावी, अशी योजना असते. परंतु पाय आणि पकड यांच्यामध्ये येथे तार नाही, तेल आहे. पेडलच्या वर, इंजिनकक्षाच्या भिंतीला लावलेला मास्टर सिलिंडर ते तेल नळीतून ढकलतो, गिअरबॉक्सच्या कुशीला बसवलेला स्लेव्ह सिलिंडर त्या दाबाने आपला दांडा बाहेर काढतो, तो दांडा एका काट्याला रेटतो, काटा रिलीज बेअरिंगला पुढे सारतो, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पसरट स्प्रिंगला दाबून प्लेटला मोकळे करते.

सारांश, क्लचचा कारभार दोन खात्यांत विभागलेला आहे. एक तेलाचे आणि दुसरे घर्षणाचे. तेलाचे खाते गाडीच्या बाहेरच्या अंगाला, हाताशी येण्याजोगे आहे, आणि त्यातले भाग स्वस्त आहेत. घर्षणाचे खाते गिअरबॉक्सच्या घंटाकृती कवचात बंदिस्त आहे, आणि तेथवर पोहोचायचे तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. बहुसंख्य मालकांची फसगत होते ती येथेच. गिअर पडेना, रिव्हर्स टाकताना दात करकरले, की लागलीच ‘क्लच प्लेट गेली’ असा निवाडा दिला जातो, आणि चौकशीचा एकही कागद न चाळता मोठ्या खर्चाचा हुकूम सुटतो. वास्तविक झिजलेली प्लेट पकड सोडते, धरून ठेवत नाही. गिअर न पडणे ही तक्रार बहुशः पकड न सुटण्याची, म्हणून तेलाच्या खात्याची असते.

तेव्हा तपास बॉनेट उघडून सुरू करावा. मास्टर सिलिंडरवर तेलाची एक लहानशी टाकी असते. तिच्यातील पातळी खाली गेली असेल, किंवा तेल काळेकुट्ट झाले असेल, तर अर्धा पुरावा तेथेच हाती आला. मग चालकाच्या पायापाशी वाकून, पेडलचा दांडा भिंतीतून जेथे आत शिरतो त्या जागी बोट फिरवून पाहावे. बोट ओले झाले तर मास्टरचे रबर जीर्ण होऊन तेल आत झिरपत आहे. त्यानंतर गाडी पोलादी स्टँडवर भक्कम उभी करून (नुसत्या जॅकच्या आधाराने गाडीखाली शिरण्याचे अविचारी धाडस कोणीही करू नये) स्लेव्ह सिलिंडरच्या तोंडावरील रबरी टोपी किंचित मागे सरकवावी. त्या टोपीखालून तेल ओघळले, तर खटल्याचा निकाल लागलाच म्हणायचा. या गाडीचा स्लेव्ह सिलिंडर हा कुप्रसिद्ध गुन्हेगार आहे, आणि तो अवघ्या दोन बोल्टांवर बसलेला असतो. कोठेही ओल नाही, तरीही गिअर लावून पेडल दाबून धरले असता गाडी हळूहळू पुढे सरकू लागते, असे आढळले तर मास्टरच्या आतल्या रबराला बगल देऊन तेल परत फिरते आहे, असे समजावे. पेडल दोनचार वेळा भराभर दाबल्यावर तात्पुरते ठीक होत असेल, तर नळीत हवा शिरल्याचाही संशय घ्यावा.

दोहोंपैकी एक सिलिंडर बदलण्याची पाळी आली, तर जाणते लोक दोन्ही जोडीनेच बदलतात, कारण दोघांचे वय सारखेच असते आणि एकाचा दाब पूर्ववत झाला की दुसऱ्याचे दौर्बल्य लवकरच उघडे पडते. हा सल्ला मला काटकसरीचा वाटतो, उधळेपणाचा नव्हे. पुढे हवा काढायची ती दोघांनी मिळून. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने स्लेव्हवरील निपल सैल करून पारदर्शक नळीवाटे तेल बाटलीत घ्यावे, आणि पेडल वर येण्यापूर्वी निपल आवळावे. बुडबुडे थांबेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा व टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. हे तेल म्हणजे ब्रेकचेच तेल. ते हवेतील ओलावा शोषते, म्हणून उघडे राहिलेल्या जुन्या डब्यातले वापरू नये. शिवाय ते रंगाचा नाश करते.

घर्षणाच्या खात्याची लक्षणे निराळी आहेत. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, सावकाश वेगात असताना, ॲक्सिलरेटर एकदम दाबावा. इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडीचा वेग मात्र जागच्या जागी राहिला, तर क्लच घसरतो आहे. तरीही येथे एक पोटचौकशी शिल्लक राहते, ती म्हणजे पेडलला वरच्या टोकाशी थोडासा मोकळेपणा आहे की नाही ही. तो नसेल तर बेअरिंग सदैव दाबलेले राहते आणि धडधाकट प्लेटही घसरू लागते. आवाजाची परीक्षा गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून करतात. पेडल दाबताच घरघर सुरू झाली तर ती रिलीज बेअरिंगची. उलट पेडल सोडलेले असताना घरघर आहे आणि दाबताच ती नाहीशी होते, तर दोष गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा, आणि तेथे नवीन क्लच घालून काहीही पदरात पडणार नाही.

गिअरबॉक्स उतरवणेच प्राप्त झाले, तर या गाडीतील एक वैशिष्ट्य विसरून चालत नाही. तिचा गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल ॲल्युमिनियमच्या एका लांब चौकटीने परस्परांशी जखडलेले असतात. ती चौकट सोडताच दोन्ही टोके खाली कलू पाहतात, म्हणून त्यांना आधी टेकू द्यावा लागतो, आणि पुन्हा जोडताना कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच गिअरबॉक्सची उंची जमवावी लागते, एरवी गाडी थरथरत राहते. बाकीचे काम कष्टाचे आहे, गूढ नाही. वरच्या बाजूचे बोल्ट मात्र हाताला सहजी लागत नाहीत, आणि मिस्त्री मजुरी मागतो ती मुख्यतः त्यांचीच.

बाहेर आलेली जुनी प्लेट फेकून देण्यापूर्वी निरखून पाहावी, कारण आधीच्या मालकांचे सारे दप्तर तिच्यावर लिहिलेले असते. अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत सारखे झिजलेले असेल, तर तिने आपली पुरी सेवा बजावली. अस्तर जाड आहे परंतु चकाकून काळे पडले आहे, फ्लायव्हीलवर निळसर डाग नि बारीक चिरा आहेत, तर कोणीतरी वर्षानुवर्षे अर्ध्या क्लचवर गाडी हाकली. चढणीच्या वाहनगर्दीत ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरण्याची खोड बोरघाटाइतकीच सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरही आढळते. अस्तर तेलाने माखलेले असेल, तर इंजिनाचे मागचे ऑइल सील गळते आहे, आणि ते न बदलता घातलेली नवी प्लेटही त्याच गतीला जाईल. कवचातली धूळ हवेच्या झोताने उडवू नये; जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉसचा वापर सर्रास होत असे, आणि कोणत्या मालकाच्या कारकिर्दीत कोणती प्लेट पडली हे सांगणार कोण?

नवा संच बसवताना फ्लायव्हीलचा पृष्ठभाग सरळ करून घ्यावा, त्याच्या मध्यातले छोटे पायलट बेअरिंग बदलावे, आणि प्लेट मध्यावर आणण्यासाठी संचाबरोबर मिळणारा दांडा घालूनच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत. ग्रीस लावायचे ते गिअरबॉक्सच्या दांड्याच्या खाचांना, तेही अगदी पुसट. अस्तराला तेलकट बोटही लागता कामा नये. पहिले काहीशे किलोमीटर गाडी संथ चालवावी, म्हणजे अस्तर व पोलाद यांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळून येतात. आठवड्याभराने टाकीतील पातळी पुन्हा पाहावी, आणि ती उतरलेली दिसली, तर गाडीखाली जाऊन प्रथम स्लेव्हवरचे ते निपल तपासावे. पुष्कळदा ते पुरते आवळायचे राहून गेलेले असते.