साडेसातशेत एक

नागपूरपासून साधारण 40 किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत 2006 ते 2008 या काळात तिशीपुढच्या माणसांचे डोळे तपासले गेले. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे डॉ. योस्ट योनास यांनी ही पाहणी उभी केली. यादीतल्या 5885 जणांपैकी 4711 आले. त्यातून निघालेला एक आकडा मला स्वस्थ बसू देत नाही: साडेसातशे माणसांमागे साधारण एकाला रेटिनायटिस पिगमेंटोसा. जगात हे प्रमाण चार हजारांत एक मानतात.

या आजारात डोळ्याच्या पडद्यावरच्या, अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी आधी मरतात. दिवेलागणीनंतर बांधावर पाय चुकतो, ताटाशेजारचा तांब्या हाताला लागत नाही. पुढे नजर कडेकडून आक्रसत जाते. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेला रातांधळेपणा औषधाने बरा होतो. हा होत नाही, कारण तो बहुतेकदा रक्तातून आलेला असतो.

नात्यातल्या लग्नांशी त्याची सांगड बर्लिनचे नेत्रवैद्य रिचर्ड लिब्राइख यांनी 1861 सालीच घातली होती. या आजाराच्या अनेक प्रकारांत सदोष जनुकाची एकच प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो. आतेमामे भावंडांत मात्र सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात, मामा-भाचीत चौथा. दोघांकडे तीच खोट निघाली, तर प्रत्येक मुलामागे धोका चारात एक.

मामाच्या मुलीशी लग्नाची मराठी रीत इरावती कर्व्यांनी 1953 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात नोंदवली आहे. धाराशिव जिल्ह्यात उमरग्याकडे कर्नाटकाची हद्द लागते. त्या पट्ट्यात मामा-भाचीची सोयरीकही नवलाची नाही. त्यामागे पोरगी ओळखीच्या घरात पडावी हीच आईबापांची माया असते, म्हणून या लोकांना अडाणी म्हणणं मला पटत नाही. नागपुरासारखी गावोगाव पाहणी या जिल्ह्यात व्हायला हवी.

तिची सुरुवात कागद-पेन्सिलीने, घराण्याचा वंशवृक्ष काढून होते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला आजार त्याची खूण काळी करायची, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. तीन-चार पिढ्या मांडल्या की सुनेच्या माहेरावर ढकललेली खोट दोन्ही बाजूंनी एकाच पणजोबा-पणजीपाशी जाऊन मिळताना दिसते. किती सुनांनी हा बोल विनाकारण सोसला असेल!

जनुक कळण्याला आता उपचाराचाही अर्थ आहे. आरपीई 65 या जनुकातल्या दोषावरच्या लक्सटर्ना उपचाराला अमेरिकेत 2017 मध्ये मंजुरी मिळाली. बाजारात आला तेव्हा दोन डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर होती, आणि पडद्यावर जिवंत पेशी उरल्या असतील तरच उपयोग.

असा उपचार आवाक्यात येईपर्यंत हक्काचं तरी मिळावं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा नजरेचं क्षेत्र 10 अंशांहून कमी उरलं की अंधत्व मानतो. पण हा रुग्ण दिवसा तक्त्यावरची अक्षरं नीट वाचू शकतो, आणि तेवढ्यावरच त्याला प्रमाणपत्राच्या तपासणीतून घरी धाडलं जाऊ शकतं. तक्ता वाचून झाला तरी क्षेत्राची तपासणी मागून घ्यावी. सोबत घरातली आजी न्यावी. कोणाची सोयरीक कुठल्या घरात झाली, ते तिला पाठ असतं.