बेडूक घरी आणण्याआधी त्याचे हात बघा

आज मागे जो बुडबुड आवाज येतोय, तो इफेक्ट म्हणून टाकलेला नाही. माझ्या पाठीमागे टँक आहे आणि त्यातला फिल्टर चालू आहे. रेकॉर्डिंगसाठी अर्धा तास बंद ठेवला तर काही बिघडत नाही खरं तर. पण मागे एकदा बंद केला आणि परत चालू करायला विसरलो, तेव्हापासून हात लावत नाही. तर आजचा एपिसोड या बुडबुडीसकट ऐका.

मी खारदांड्याचा. घराबाहेर पडलं की समोर बोंबील वाळत घातलेले. आमच्याकडे मासे आणतात, विकतात, खातात; काचेत ठेवून बघत बसत नाहीत. त्यात मी बेडूक आणले. आजीने एकदा टँककडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, "पावसात घरात शिरला का आमी झारून बाहेर टाकताव, आन तू पैशे देऊन आनलास?"

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन पिल्लं आणली होती, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढं. दुकानदार म्हणाला, "ड्वार्फ फ्रॉग है, इतनाही रहता है." पहिलं पिल्लू पाचव्या दिवशी मेलं. दुसरं दोन महिन्यांनी गायब झालं. झाकण लावलेलं होतं. तरी टँकमागे शोधलं, पलंगाखाली शोधलं, कुठेच नाही. मग तिसऱ्याकडे लक्ष गेलं. त्याचं पोट टम्म फुगलेलं होतं.

तो तिसरा ड्वार्फ फ्रॉग नव्हताच.

कसंय ना, कायम पाण्यात राहणारे दोन आफ्रिकन बेडूक अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत मिळतात. एक ड्वार्फ फ्रॉग, शास्त्रीय नाव हायमेनोकायरस. हा पूर्ण वाढला तरी तीन-चार सेंटिमीटरचा, साधारण पाच वर्षं जगतो, स्वभावाने गरीब. दुसरा क्लॉड फ्रॉग, म्हणजे झेनोपस. याची मादी दहा-बारा सेंटिमीटरची होते, पंधरा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगते, आणि तोंडात मावेल ते गिळते. दोघांनाही जीभ नसते. लहानपणी दोघं इतके सारखे दिसतात की एकाच पिशवीतून, एकाच नावाने विकले जातात.

ओळखायचं कसं? पुढचे हात बघा. ड्वार्फच्या चारही पायांना बोटांमध्ये पडदा असतो, बदकासारखा. क्लॉडच्या फक्त मागच्या पायांना पडदा असतो. पुढची बोटं सुटी, आपल्यासारखी. शिवाय ड्वार्फचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, क्लॉडचे वर, आकाशाकडे बघणारे. पिल्लू फारच लहान असेल तर पारदर्शक पिशवीत घ्यायला सांगा, मोबाईलचा कॅमेरा झूम करा, फोटो काढा आणि शांतपणे बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. आणि पांढरट-गुलाबी अंगाचा, लाल डोळ्यांचा बेडूक दाखवून कोणी ड्वार्फ म्हणालं तर घेऊच नका. तो क्लॉडच असणार.

आता पहिलं पिल्लू. त्याच्या मरणाला दुकानदार नाही, मी जबाबदार.

मी शहाणपणा केला होता. विकतची वाळू कशाला, आपल्या दारात समुद्र आहे, म्हणून किनाऱ्यावरची वाळू आणली, तीनदा धुतली आणि तळाशी पसरली. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते त्याच्या त्वचेतून आत जातं. म्हणजे पाण्यात जे विरघळलंय त्यात तो चोवीस तास नुसता पोहत नाही, ते त्याच्या अंगात शिरत असतं. किनाऱ्याच्या वाळूत मीठ असतं, शिंपल्यांचा चुरा असतो त्याने पाणी जड होतं, आणि आपल्या किनाऱ्यावर गटाराचं काय काय येतं ते मी सांगायला नको. बारीक खडीही नको. खाताना बेडूक तीही गिळतो आणि ती पोटात अडकते. गिळताच येणार नाहीत असे मोठे गुळगुळीत गोटे ठेवा, नाहीतर तळ सरळ रिकामा ठेवा. माझा आता रिकामाच असतो. दिसायला बरा नाही दिसत, पण साफ करायला दोन मिनिटं लागतात.

वाळूइतकीच दुसरी चूक म्हणजे घाई. सकाळी टँक भरला, संध्याकाळी बेडूक सोडले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते मला माहीत होतं, अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले होते. अमोनियाचं माहीत नव्हतं. बेडकाच्या लघवीतून, उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू राहतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट थोडं असलं तर चालतं. नवीन टँकमध्ये हे जिवाणू नसतातच. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणजे क्रम उलटा हवा. आधी टँक, मग महिनाभर वाट, मग बेडूक. या महिन्यात रिकाम्या टँकमध्ये फिल्टर चालू ठेवायचा आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, म्हणजे जिवाणूंना खायला मिळतं. ओळखीत कोणाकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणा. काम बरंच लवकर होतं. थेंब टाकून रंग बघायचं टेस्ट किट मिळतं, ते घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की टँक तयार. रिकाम्या पाण्याकडे महिनाभर बघत बसणं फार जीवावर येतं, मान्य. घरचे हसतात. आजी रोज विचारायची, "बेडूक पानी पिऊन गेला का?"

टँक केवढा? तीन-चार ड्वार्फसाठी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पण काठोकाठ भरायचा नाही. या बेडकांना फुप्फुसं असतात, श्वास घ्यायला त्यांना वर यावं लागतं, आणि पिल्लाला फूटभर पोहून वर येणं म्हणजे दमछाक. आठ इंच पाणी पुरे, म्हणजे साधारण २८ लिटर. काचेसकट ते वजन बरंच होतं, तेव्हा भिंतीतल्या फळीवर ठेवू नका. वर झाकण हवंच, कारण उडी मारून बाहेर पडलेला बेडूक काही तासांत सुकून मरतो. पाणी आणि झाकण यांच्यात हवा राहू द्या. फिल्टर साधा स्पंजचा, एअर पंपवर चालणारा. जोराचा प्रवाह यांना सोसत नाही. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा, नाहीतर महिनाभर सांभाळलेले जिवाणू क्लोरीनने मरतील.

तापमान ड्वार्फला २४ ते २७ अंश लागतं. मुंबईत हीटरची गरज जानेवारीतल्या थोड्या रात्री सोडल्या तर नाही. आपला त्रास उलटा आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पाणी सहज तिशीच्या वर जातं. टेबल फॅन पाण्यावर सोडला तर बाष्पीभवनाने पाणी थंड होतं, पण समुद्राकाठची हवा आधीच दमट, त्यामुळे फरक कमी पडतो. मी बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली टँकमध्ये तरंगत ठेवतो. एका वेळी एकच, म्हणजे पाणी एकदम गार होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही. पावसाळ्यात महापालिकेची डासांच्या धुराची फवारणी येते ना, तो धूर घरात शिरला की एअर पंप तोच धूर ओढून पाण्यात ढकलतो. गल्लीत मशीनचा आवाज आला की मी पंप बंद करतो आणि टँकवर ओला टॉवेल टाकतो. धूर गेला की पंप चालू. मोबाईलवर अलार्म लावून, अर्थात. मच्छर अगरबत्ती, डिओ, फिनेल या सगळ्यांचा प्रश्न तोच.

खाणं. ड्वार्फची नजर कमजोर असते, तो वासाने आणि चाचपडत खातो, तेही सावकाश. सोबत मासे असतील तर त्याच्यापर्यंत घास पोचतच नाही, म्हणून पिल्लं असताना सोबत कोणी नको. फ्रोझन ब्लडवर्म घ्या, वितळवा, सुई नसलेल्या सिरिंजने थेट त्याच्या तोंडासमोर सोडा. पिल्लांना रोज थोडं, मोठ्यांना एक दिवसाआड. उरलेलं अर्ध्या तासात त्याच सिरिंजने ओढून घ्या. जिवंत ट्युबिफेक्स स्वस्त मिळतात, पण ते घाण पाण्यात वाढतात, मी देत नाही. आजीने प्रेमाने सुका जवळा पुढे केला होता. त्यात समुद्राचं मीठ उरलेलं असतं, म्हणून नाही दिला. तो मीच खाल्ला, कांद्यावर परतून.

घरात लहान मुलं असतील तर हे लक्षात ठेवा. अमेरिकेत २००९ ते २०११ या काळात पाळलेल्या ड्वार्फ फ्रॉगमुळे साल्मोनेलाची साथ पसरली होती, आणि आजारी पडलेल्यांत लहान मुलंच जास्त होती. म्हणून टँकचं पाणी ज्या मोरीत मासे साफ होतात तिथे ओतायचं नाही. आमच्याकडे मोरी एकच, त्यामुळे मी बादलीने संडासात टाकतो. टँकमध्ये हात घालण्याआधी साबणाशिवाय धुवा, नंतर साबणाने.

आता तिसऱ्याबद्दल, ज्याला मी ड्वार्फ समजत होतो. तो आता माझ्या मुठीएवढा आहे. त्याच्यासाठी तीन फुटी टँक घ्यावा लागला, आणि खोलीत पलंग आणि तो टँक एवढंच मावतं. याला गरमी ड्वार्फपेक्षाही कमी सोसते, त्यामुळे उन्हाळ्यात फ्रीजरमध्ये माझ्या बाटल्या आणि आईची मच्छी यांचं भांडण असतं. मित्र म्हणतात, सोडून दे नाल्यात, बेडूकच तर आहे.

नाल्यात सोडला तर काय होतं, ते जगाने पाहिलंय. १९३०च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं की गरोदर बाईची लघवी क्लॉड मादीला टोचली तर ती काही तासांत अंडी घालते. प्रेग्नन्सी टेस्ट म्हणून हे बेडूक दक्षिण आफ्रिकेतून जगभर गेले. पुढे काही सुटले, काही सोडले गेले. आज कॅलिफोर्नियात, चिलीत, फ्रान्समध्ये, सिसिलीत ते मोकळ्या पाण्यात वाढताहेत आणि तिथले किडे, अंडी, टॅडपोल खाताहेत. शिवाय यांच्या त्वचेवर कायट्रिड नावाची बुरशी असू शकते. यांना स्वतःला तिचा फारसा त्रास होत नाही, पण तिने जगात कितीतरी जातींचे बेडूक संपवले आहेत. ही बुरशी सह्याद्रीतल्या बेडकांवरही सापडली आहे, आणि तिथले कितीतरी बेडूक जगात दुसरीकडे कुठे नाहीत. आपल्या नाल्याचं पाणी पावसात कुठे कुठे जातं, हे २००५च्या २६ जुलैनंतर मुंबईकराला समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून तो इथेच आहे. मी सव्वीस वर्षांचा आहे. हिशेब केला तर तो माझ्या चाळिशीपर्यंत सोबत राहील. लग्नाचं स्थळ येईल तेव्हा हे आधीच सांगावं लागणार, असं आई म्हणते.

बरं, कोणी पिल्लं घ्यायच्या विचारात असेल तर दुकानातूनच मला फोटो पाठवा. अख्ख्या बेडकाचा नको, पुढच्या हाताचा, जवळून. मी बघून सांगतो. आता साडेआठ झाले, हा काचेला नाक लावून बसलाय, आणि ब्लडवर्म अजून फ्रीजरमध्येच आहेत. चला, भेटू.